मधुमेहींचा जीवनदाता

मधुमेह हा रोग मानवाला फार प्राचीन काळापासून परिचित आहे. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत त्याची वर्णने आढळतात. या रोग्याचे मूत्र गोड असते व त्यावर मुंग्या जमतात, हे भारतातील वैद्यांनी सूक्ष्म अवलोकनाने जाणले होते. मधुमेह हे नावही त्यावरूनच पडले. पुढे १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज डॉक्टराने हा गोडवा साखरेचा असून ती साखर रोग्याच्या रक्तातही असते, असे दाखवून दिले. रोगाची ओळख अशी पटत गेली. उपाय मात्र सापडेना.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा रोग एखाद्या बालकाला जडला, तर त्या घरावर दुःखाची छाया पसरत असे. मुलाला सारखी तहान लागे. भूकही फार लागे. परंतु कितीही खाल्ले तरी ते अंगी लागत नसे. दिवसेंदिवस मूल वाळत जाई आणि बहुधा वर्ष-दोन वर्षांत बेशुद्ध होऊन दगावे. डॉक्टरांच्या हाती एकच उपाय होता आणि तो म्हणजे उपासमार. आहार अतिशय कमी केला, की रक्तातील साखर काहीशी आटोक्यात राही व मरण काही काळ लांबे. एकीकडे रोग आणि दुसरीकडे उपासमार, अशा कात्रीत सापडलेली ही मुले हाडांचे सापळे होऊन अंथरुणावर पडून असत.

ही स्थिती ज्यांच्या प्रयत्नांनी पालटली, त्यांत डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांचे नाव अग्रभागी आहे.

फ्रेडरिकचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी कॅनडा देशातील ऑन्टॅरिओ प्रांतात, अ‍ॅलिस्टन या गावाजवळच्या एका शेतावर झाला. पाच भावंडांत तो सर्वांत धाकटा. गुरांची देखभाल व शेतातील कष्टाची कामे यांत त्याचे बालपण गेले. शाळेत तो फारसा चमकला नाही. शब्द शुद्ध लिहिणे तर त्याला पुढेही कधी नीट साधले नाही. परंतु हाती घेतलेले काम अर्धवट टाकावयाचे नाही, हा शेतकऱ्याचा बाणा त्याच्या अंगी पुरेपूर उतरला होता.

१९१० मध्ये फ्रेडरिक टोरँटो येथील महाविद्यालयात दाखल झाला. पहिल्याच वर्षी त्याला अपयश आले. पण तेवढ्याने त्याने शिक्षण सोडले नाही. १९१२ मध्ये त्याने वैद्यकीय शाखेत प्रवेश मिळविला व १९१६ मध्ये तो डॉक्टर झाला. त्या वेळी युरोपात पहिले महायुद्ध चालू होते. तरुण बँटिंग सैन्याच्या वैद्यकीय दलात भरती होऊन रणभूमीवर गेले. १९१८ मध्ये फ्रान्समधील कॅम्ब्रेच्या लढाईत तोफगोळ्याचा एक तुकडा त्यांच्या हातात घुसला. स्वतः जखमी असतानाही ते कित्येक तास इतर जखमी सैनिकांवर उपचार करीत राहिले. या धैर्याबद्दल त्यांना ‘मिलिटरी क्रॉस’ हे पदक देण्यात आले.

युद्ध संपल्यावर बँटिंग मायदेशी परतले. टोरँटो येथील मुलांच्या रुग्णालयात त्यांनी शस्त्रक्रियेचे अधिक शिक्षण घेतले. परंतु तेथे त्यांना कायमची जागा मिळाली नाही. तेव्हा १९२० च्या जुलै महिन्यात ऑन्टॅरिओ प्रांतातीलच लंडन नावाच्या शहरात त्यांनी स्वतःचा दवाखाना उघडला. दारावर पाटी लागली, पण रोगी काही येईनात. पहिल्या महिन्याची त्यांची कमाई अवघी ४ डॉलर झाली. पोटासाठी त्यांनी तेथील वैद्यकीय महाविद्यालयात तासिकेवर शिकविण्याचे काम पत्करले. याच कामाने त्यांच्या आयुष्याला अनपेक्षित वळण दिले.

१९२० च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस त्यांना विद्यार्थ्यांपुढे एक व्याख्यान द्यावयाचे होते. शरीर साखरेचा उपयोग कसा करते, हा त्याचा विषय होता. त्यासाठी ते स्वादुपिंडाविषयी वाचन करीत होते. स्वादुपिंड हा जठराच्या मागे असलेला एक लहानसा अवयव आहे. तो एक पाचक रस तयार करतो व हा रस एका नलिकेतून आतड्यात उतरतो. परंतु याखेरीज त्याचे आणखी एक काम असावे, असे संशोधकांना वाटू लागले होते. १८६९ मध्ये पॉल लँगरहॅन्स या जर्मन विद्यार्थ्याला स्वादुपिंडात पेशींचे लहान लहान वेगळे पुंजके दिसले होते. समुद्रात बेटे असावीत तसे ते विखुरलेले होते. पुढे १८८९ मध्ये फॉन मेरिंग व मिंकोव्स्की या दोन शास्त्रज्ञांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्या कुत्र्याला मधुमेह झाला. साखरेवर नियंत्रण ठेवणारा एखादा स्राव या बेटांतून रक्तात मिसळत असला पाहिजे, असे अनुमान त्यावरून निघाले.

हा स्राव शरीराला का हवा, हेही समजून घेतले पाहिजे. अन्नापासून तयार होणारी द्राक्षशर्करा हे शरीराचे इंधन होय. रक्तावाटे ती सर्वत्र जाते. परंतु स्नायूंसारख्या भागांतील पेशींत तिचा शिरकाव होण्यास या स्रावाचे साहाय्य लागते. स्राव नसेल, तर साखर रक्तातच साचून राहते आणि पेशी उपाशी राहतात. कणगी धान्याने भरलेली असावी, पण तिचे तोंड उघडता येऊ नये व घरातील माणसे उपाशी राहावीत, तशी शरीराची गत होते.

हा स्राव बाहेर काढून रोग्यास द्यावा, असे अनेक संशोधकांच्या मनात आले होते. काहींनी तसे प्रयत्नही केले होते. पण ते सफल झाले नव्हते. स्वादुपिंड वाटून त्याचा अर्क काढताना त्यातील पाचक रसच या स्रावाचा नाश करीत असावा, अशी एक शंका होती. त्या रात्री बँटिंग यांच्या वाचनात एका नियतकालिकातील लेख आला. स्वादुपिंडाची नलिका खड्याने बंद झाल्यास पाचक रस करणाऱ्या पेशी झिजून जातात, बेटे मात्र शाबूत राहतात, असे त्यात म्हटले होते. हे वाचल्यावर बँटिंग यांना झोप येईना. पहाटे दोनच्या सुमारास उठून त्यांनी आपल्या वहीत मोजक्या शब्दांचे एक टिपण केले. कुत्र्याच्या स्वादुपिंडाची नलिका बांधावी, पाचक पेशी झिजेपर्यंत थांबावे आणि मग उरलेल्या बेटांतून अर्क काढून पाहावा, हा त्याचा आशय होता. गंमत अशी, की या टिपणात मधुमेह या शब्दाचे इंग्रजी लेखनही अशुद्धच होते!

कल्पना सुचली, पण प्रयोगशाळा कोठे होती? बँटिंग टोरँटो विद्यापीठातील प्राध्यापक जे. जे. आर. मॅक्लिऑड यांना जाऊन भेटले. मॅक्लिऑड हे या विषयातील नामांकित तज्ज्ञ होते. संशोधनाचा अनुभव नसलेला हा तरुण शल्यवैद्य पाहून त्यांना प्रथम फारसा विश्वास वाटला नाही. तरीही त्यांनी प्रयोगशाळेत जागा, काही कुत्रे व मदतीला एक विद्यार्थी देण्याचे मान्य केले. दोन विद्यार्थी या कामास तयार होते. आधी कोणी यावयाचे, हे त्यांनी नाणे उडवून ठरविले व कौल चार्ल्स बेस्ट याच्या बाजूने लागला. बेस्ट तेव्हा २२ वर्षांचा होता.

१७ मे १९२१ रोजी कामास आरंभ झाला. बँटिंग यांनी लंडनमधील दवाखान्याकडे पाठ फिरविली होती व येथे त्यांना वेतन नव्हते. शस्त्रक्रिया ते करीत आणि रक्तातील व मूत्रातील साखर बेस्ट मोजी. उन्हाळ्याचे दिवस होते. प्रयोगशाळेत असह्य उकाडा होई. जखमा चिघळून अनेक कुत्रे मेले. काहींच्या नलिकांना बांधलेले दोरे सैल पडल्याचे कित्येक आठवड्यांनी उघडकीस आले व सारे काम पुन्हा करावे लागले. एखाद्याने कंटाळून काम सोडून दिले असते. पण हे दोघे चिकाटीने झटत राहिले. अखेर ३० जुलै रोजी मधुमेह झालेल्या एका कुत्र्याला त्यांनी अर्क टोचला. तासाभरात त्याच्या रक्तातील साखर बरीच उतरली! तो कुत्रा फार काळ जगला नाही. पण वाट योग्य असल्याची खूण पटली. पुढे मार्जोरी नावाची एक कुत्री या अर्काच्या आधारे सुमारे ७० दिवस जगली. आज लक्षावधी माणसे जगत आहेत, त्यामागे या मुक्या प्राण्यांचेही ऋण आहे.

आता नवीन अडचण उभी राहिली. एका कुत्र्यापासून थोडाच अर्क मिळे व त्यासाठी आठवडेच्या आठवडे थांबावे लागे. या वेळी बँटिंग यांच्या मदतीला त्यांचे शेतावरील बालपण धावून आले. कत्तलखान्यात जाणाऱ्या गाई पुष्कळदा गाभण असतात, हे त्यांना ठाऊक होते. न जन्मलेल्या वासराच्या स्वादुपिंडात पाचक रस जवळजवळ नसतो, तेव्हा त्यातून स्राव सहज मिळेल, असे त्यांनी ताडले. आणि तसेच झाले. त्यानंतर मद्यार्काचा उपयोग केला असता मोठ्या गुरांच्या स्वादुपिंडातूनही तो स्राव काढता येतो, असे आढळले. म्हणजे नलिका बांधण्याची जी कल्पना घेऊन बँटिंग आले होते, तिची मुळात आवश्यकताच नव्हती! स्वतःच्या कल्पनेला ते चिकटून बसले नाहीत. प्रयोगाने दाखविलेली सोपी वाट त्यांनी तात्काळ स्वीकारली.

१९२१ च्या डिसेंबरमध्ये जेम्स कॉलिप हे कुशल जीवरसायनशास्त्रज्ञ या कामात सामील झाले. अर्क शुद्ध करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले.

त्या वेळी टोरँटोच्या रुग्णालयात लेनर्ड टॉम्प्सन नावाचा १४ वर्षांचा मुलगा मृत्यूच्या दारात होता. त्याचे वजन केवळ ३० किलोच्या आसपास उरले होते. ११ जानेवारी १९२२ रोजी बँटिंग व बेस्ट यांनी तयार केलेला अर्क त्याला टोचण्यात आला. परंतु हा अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. साखर थोडीशीच उतरली आणि टोचलेल्या जागी गळू झाले. उपचार थांबवावा लागला. त्यानंतरचे दिवस कसोटीचे होते. कॉलिप यांनी रात्रीचा दिवस करून अर्कातील नको असलेले घटक वेगळे काढण्याची रीत शोधली. २३ जानेवारीला हा नवा अर्क लेनर्डला देण्यास आरंभ झाला. त्याच्या रक्तातील साखर झपाट्याने खाली आली, मूत्रातील साखर जवळजवळ नाहीशी झाली आणि त्याला हुशारी वाटू लागली. मधुमेहाने मरणपंथास लागलेले मूल परत फिरण्याचा तो क्षण होता. लेनर्ड त्यानंतर आणखी १३ वर्षे जगला.

या औषधास इन्शुलिन असे नाव देण्यात आले. लॅटिन भाषेत बेटाला इन्सुला म्हणतात. त्यावरून हे नाव आले.

वार्ता सर्वत्र पसरली आणि ठिकठिकाणांहून आईबाप आशेने टोरँटोकडे धाव घेऊ लागले. इन्शुलिन मात्र फार थोडे होते. १९२२ च्या वसंत ऋतूत तर शुद्ध अर्क करण्याची साधलेली किमया मध्येच हातची गेली व ती पुन्हा साधण्यासाठी सर्वांना मोठी खटपट करावी लागली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची कन्या एलिझाबेथ ह्यूज बँटिंग यांच्याकडे आली. कडक उपासाने तिचे वजन २० किलोच्या घरात आले होते. इन्शुलिन सुरू झाल्यावर ती हळूहळू पोटभर जेवू लागली आणि तिची प्रकृती सुधारली. पुढे तिने शिक्षण पूर्ण केले, संसार केला व १९८१ पर्यंत ती जगली.

अशा औषधाचे स्वामित्व ज्याच्या हाती राहील, तो कुबेर होऊ शकला असता. बँटिंग यांना मात्र डॉक्टराने औषधाचा हक्क स्वतःच्या नावे नोंदविणे प्रशस्त वाटत नव्हते. परंतु हक्क कोणीच नोंदविला नाही, तर एखादा लोभी व्यापारी तो बळकावील व भेसळयुक्त औषध विकील, अशी भीती होती. अखेर बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनी आपले हक्क १९२३ च्या जानेवारीत टोरँटो विद्यापीठास प्रत्येकी केवळ १ डॉलर घेऊन देऊन टाकले. ज्या माणसाने महिनाभरात ४ डॉलर मिळविण्याचे दिवस पाहिले होते, त्याने हे करावे, यातच त्याच्या मनाची थोरवी दिसून येते.

१९२३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लिऑड यांना जाहीर झाले. बँटिंग तेव्हा अवघ्या ३१ वर्षांचे होते. पारितोषिकाच्या वार्तेने त्यांना आनंद झाला, त्याहून अधिक संताप आला. कारण बेस्टचे नाव त्यात नव्हते. त्यांनी आपल्या रकमेचा अर्धा वाटा बेस्ट यांना देण्याचे तत्काळ घोषित केले. मॅक्लिऑड यांनीही आपला अर्धा वाटा कॉलिप यांना दिला. खरे पाहता या चौघांत संशोधनाच्या काळात अनेक वेळा कटुता आली होती. बँटिंग स्वभावाने तापट होते आणि मॅक्लिऑड यांच्याविषयीची अढी त्यांच्या मनातून कधी गेली नाही. परंतु एकाची जिद्द, दुसऱ्याची मोजमापातील दक्षता, तिसऱ्याचे रसायनज्ञान आणि चौथ्याचे मार्गदर्शन ही एकत्र आली, म्हणूनच इन्शुलिन रोग्यापर्यंत पोहोचले. रुमानियातील निकोलाय पाउलेस्कू यांनीही १९२१ मध्येच स्वादुपिंडाच्या अर्काने कुत्र्यांची रक्तशर्करा उतरविल्याचे प्रसिद्ध केले होते. त्यांचेही स्मरण ठेवणे न्यायाचे ठरते.

कीर्ती मिळाल्यावरही बँटिंग स्वस्थ बसले नाहीत. खाणीतील धुळीमुळे कामगारांना होणाऱ्या फुप्फुसाच्या विकाराकडे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्ष वळविले. चित्रकलेची त्यांना विलक्षण ओढ होती. सवड मिळताच रंग व कुंचले घेऊन ते बर्फाळ प्रदेशात चित्रे काढण्यास जात. १९३४ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर वैमानिकांच्या आरोग्यासंबंधीच्या संशोधनात त्यांनी स्वतःला वाहून घेतले. याच कामासाठी इंग्लंडला जात असता न्यूफाउंडलंड येथे त्यांचे विमान कोसळले व २१ फेब्रुवारी १९४१ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ४९ वर्षांचे होते.

इन्शुलिनमुळे मधुमेह समूळ बरा होत नाही. शरीरात ज्या स्रावाची उणीव आहे, ती ते भरून काढते आणि म्हणून ते रोज घ्यावे लागते. पूर्वी जी मुले लहानपणीच दगावत, ती इन्शुलिनमुळे मोठी झाली, वृद्धही झाली. तेव्हा डॉक्टरांना या रोगाचे आणखी एक रूप दिसले. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, तर रक्तवाहिन्यांना इजा पोहोचते आणि कालांतराने डोळे, मूत्रपिंडे व हृदय दुबळी होतात. प्रौढपणी जडणारा मधुमेहाचा दुसरा प्रकार अधिक लोकांत आढळतो. त्यात शरीरात इन्शुलिन असते. पण ते पुरे पडत नाही वा त्याचा प्रभाव नीट पडत नाही. अशा रोग्यांनाही हृदयविकाराचा धोका अधिक असतो. भारतात आज कोट्यवधी लोकांना मधुमेह आहे. योग्य आहार, व्यायाम, नियमित तपासणी आणि औषधे यांच्या साहाय्याने त्यांना हा धोका पुष्कळ कमी करता येतो.

बँटिंग यांच्यामागेही संशोधनाची परंपरा खंडित झाली नाही. इन्शुलिनच्या रेणूची जडणघडण फ्रेडरिक सँगर यांनी उलगडली व त्यासाठी त्यांना १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९८२ पासून सूक्ष्म जीवाणूंकडून तयार करून घेतलेले मानवी इन्शुलिन उपयोगात येऊ लागले आणि गुरांच्या स्वादुपिंडावर अवलंबून राहण्याची गरज सरली. तरीही जगातील अनेक गरीब घरांतील मुलांना आजही इन्शुलिन वेळेवर मिळत नाही. १ डॉलर घेऊन हक्क सोडणाऱ्या त्या संशोधकांचा हेतू अजून पुरता सफल व्हावयाचा आहे.

बँटिंग यांचा जन्मदिवस, १४ नोव्हेंबर, जगभर मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. भारतात हाच दिवस बालदिन म्हणूनही साजरा होतो. कॅनडातील लंडन शहरात ज्या घरी बँटिंग यांना ती कल्पना सुचली, ते घर आज त्यांचे स्मारक आहे. त्या घरापुढे १९८९ मध्ये एक ज्योत प्रज्वलित करण्यात आली. मधुमेह समूळ बरा करणारा उपाय ज्या दिवशी सापडेल, त्याच दिवशी ती मालवावयाची, असा संकल्प आहे. ती ज्योत अद्याप तेवत आहे.